मुलांमधला आनुवंशिक मुतखडा: खडा ओळखण्यापासून रात्रीच्या पाण्यापर्यंत

दहा वर्षांच्या मुलाला मुतखडा झाला की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘पाणीच पीत नाही ना हा!’ कमी पाण्याचा हात त्यात असतोच. पण वर्गातली निम्मी मुलं तेवढंच कमी पाणी पितात आणि त्यांना खडे होत नाहीत. म्हणून लहान वयातल्या खड्याला ‘उन्हाळ्यामुळे झाला’ म्हणून सोडून देऊ नये. दोन्ही मूत्रपिंडांत खडे आहेत, काढल्यावर वर्षा-दोन वर्षांत परत झाले, भावंडाला किंवा मामा-काकांना तरुणपणीच असा त्रास होता, आईवडील नात्यातले आहेत, मुलाची उंची वाढत नाही, किंवा सोनोग्राफीच्या अहवालात ‘नेफ्रोकॅल्सिनोसिस’ (मूत्रपिंडाच्या पेशीजालातच कॅल्शियम साठणं) असं लिहिलंय: यातली एक गोष्ट जरी असली तरी आनुवंशिक कारण शोधायलाच हवं. खडा काढणं हे युरोसर्जनचं काम. तो का झाला हे शोधायला मुलांच्या किडनीतज्ज्ञाकडे, म्हणजे पीडियाट्रिक नेफ्रॉलॉजिस्टकडे जावं लागतं, आणि अनेक घरं तिथपर्यंत पोहोचतच नाहीत.

खडा फेकू नका

सगळा पुढचा उपचार खडा कशाचा आहे यावर ठरतो. ऑपरेशन असेल तर आदल्या दिवशीच सर्जनला सांगून ठेवा की तुकडे हवे आहेत. नंतर विचारलं तर ते बहुधा गेलेले असतात. खडा लघवीवाटे पडणार असेल तर मुलाला मगात लघवी करायला सांगा आणि ती चहाच्या गाळणीत मलमलीचं कापड घालून गाळा. वाळूएवढे कण मिळाले तरी चालतात. साध्या पाण्यानं धुवा, कागदावर पूर्ण वाळवा, कोरड्या डबीत ठेवा. स्पिरिट, फॉर्मलिन नको, आणि कागदावर चिकटपट्टीनं चिकटवूही नका. तिचा डिंक तपासणीत आडवा येतो.

प्रयोगशाळेत ‘इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपीनं’ तपासणी मागा. रसायनं टाकून रंग बघायची जुनी पद्धत एक मोठी चूक करते. एपीआरटी नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) जन्मजात अभावात ‘डायहायड्रॉक्सीअ‍ॅडेनिन’चे खडे होतात, जुन्या पद्धतीत ते युरिक अ‍ॅसिडचे म्हणून नोंदले जातात. एक्स-रेवर दोन्ही दिसत नाहीत, त्यामुळे गैरसमज पक्का होतो. मग मुलाला लघवी अल्कधर्मी करणारं औषध चालू होतं. युरिक अ‍ॅसिडचा खडा त्यानं विरघळतो, हा विरघळत नाही. याला अ‍ॅलोप्युरिनॉल लागतं, आणि ते वेळेवर सुरू झालं तर खडे होणं थांबतं. बाळाच्या लंगोटावर तांबूस-तपकिरी डाग पडत असतील तर हा आजार डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या.

२४ तासांची लघवी गोळा करताना

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळची सकाळची लघवी धरून. शाळेच्या दिवशी हे जमत नाही, रविवार बरा. शौचाला बसताना होणारी लघवी निसटते, म्हणून आधी लघवी, मग शौच. ‘व्हिटॅमिन सी’च्या गोळ्या दोन दिवस आधी बंद, कारण त्याचं शरीरात ऑक्झलेट (कॅल्शियमला चिकटून खडे करणारा पदार्थ) होतं.

इथे एक बारकावा निर्णायक आहे. ऑक्झलेट आणि कॅल्शियम मोजायला कॅनमध्ये आम्ल लागतं. सिस्टीन (खडे करणारं एक अमिनो आम्ल, त्यावर पुढे सविस्तर) आणि युरिक अ‍ॅसिड आम्लात तळाशी बसतात, त्यामुळे ते मोजायला आम्ल चालत नाही. एकाच आम्ल घातलेल्या कॅनमधून सगळ्या चाचण्या केल्या तर सिस्टीन खोटं कमी दिसतं. म्हणून दोन वेगळ्या दिवशी दोन कॅन. मुलाच्या हाताला आम्ल लागू नये म्हणून लघवी मगात घेऊन मोठ्यांनी ओतावी. अहवालात क्रिएटिनिन (स्नायूंतून रोज साधारण ठरावीक प्रमाणात लघवीत येणारा पदार्थ) बघा: ते वजनाच्या मानानं फार कमी आलं तर गोळा करणं अर्धवट झालंय, आकडे वापरू नका. लंगोटातल्या बाळांसाठी एका वेळच्या लघवीतलं प्रमाण चालतं, पण त्याच्या मर्यादा वयानुसार बदलतात. मोठ्यांचा तक्ता लावू नये.

सिस्टिन्युरिया: सगळं गणित विरघळण्याचं

आनुवंशिक खड्यांमध्ये घरच्यांच्या हातात सर्वात जास्त ज्याचं नियंत्रण आहे तो हा आजार, म्हणून यावर सविस्तर. मूत्रपिंडानं चार अमिनो आम्लं रक्तात परत शोषून घ्यायची असतात: सिस्टीन, ऑर्निथिन, लायसिन, आर्जिनिन. एसएलसी३ए१ किंवा एसएलसी७ए९ या जनुकांत दोष असला की ती लघवीत वाहून जातात. बाकीची तीन सहज विरघळतात, सिस्टीन विरघळत नाही. १८१० साली वोलॅस्टननं मूत्राशयातल्या एका खड्यात हा पदार्थ शोधला, म्हणून त्याच्या नावातच मूत्राशय आहे.

निरोगी माणसाच्या लघवीत दिवसाला ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी सिस्टीन जातं. या आजारात ते बहुधा ४०० च्या वर, मोठ्यांत हजारापर्यंतही असतं. आणि लघवीचा पीएच (आम्ल-अल्क मोजणारा अंक; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) ७ असताना एका लिटरमध्ये साधारण २५० मिलिग्रॅमच विरघळतं. आता हिशेब करा. दिवसाला ७५० मिलिग्रॅम सिस्टीन जात असेल तर किमान ३ लिटर लघवी व्हायला हवी. पण ते दिवसभर सारखं झिरपतं, रात्रीही. आठ तासांच्या झोपेत त्यातलं २५० मिलिग्रॅम उतरतं आणि रात्रीची लघवी ३०० मिलिलिटर झाली, तर प्रमाण लिटरला ८०० च्या पुढे जातं, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट. दिवसभर पाणी पिऊनही खडे होतात ते याच आठ तासांत. घरोघरी हेच चुकतं.

मुलांमध्ये मोजमाप शरीराच्या पृष्ठभागावर करतात. उंची (सेंमी) गुणिले वजन (किलो), भागिले ३६००, आणि आलेल्या संख्येचं वर्गमूळ. १२५ सेंमी, २५ किलोच्या मुलाचं ०.९३ चौरस मीटर येतं. दर चौरस मीटरला किमान १.५ लिटर लघवी हवी, म्हणजे याला दिवसाला १.४ लिटर. त्यासाठी प्यायचं पाणी साधारण २ लिटर, आणि मे महिन्यात अकोला-नागपूरकडे त्याहून बरंच जास्त. एक वेळापत्रक: उठल्यावर २०० मिलिलिटर, डब्याच्या सुट्टीपर्यंत ४००, शाळा सुटेपर्यंत आणखी ४००, खेळून आल्यावर ३००, जेवणाबरोबर २००, झोपताना ३००, आणि रात्री उठवून लघवीला नेल्यावर ३००. एकूण २१००. रात्री उठवणं टाळून दिवसाचं पाणी वाढवलं तर हिशेब जुळत नाही. लहान मूल अंथरूण ओलं करेल. गादीवर रबरी चादर घाला आणि त्यावरून त्याला कधीही बोलू नका. ते पाणी आपणच पाजलेलं असतं.

शाळा हा खरा अडथळा आहे. स्वच्छतागृह घाण असलं की मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. डॉक्टरांकडून मराठीत पत्र घ्या: बाटली बाकावर ठेवू द्यावी, लघवीला केव्हाही जाऊ द्यावं, त्यासाठी थांबवू नये. वर्गशिक्षकांना समोर बसून समजावलं तर शिक्षक पुढे स्वतःच आठवण करतात. निर्जळी उपवास या मुलांनी करू नये, हरतालिकेचाही नाही.

पाणी पुरतंय का हे रंगावरून अंदाजानं कळतं, पण लघवीच्या पट्टीवर विशिष्ट गुरुत्व (लघवी किती दाट आहे याचा आकडा) सकाळच्या लघवीत १.०१० च्या खाली हवं. आठवड्यातून दोनदा बघितलं तरी पुरे.

पीएच आणि औषधाच्या दुकानातली गफलत

लघवीचा पीएच ७ ते ७.५ ठेवला तर सिस्टीन जास्त विरघळतं. त्यासाठी पोटॅशियम सायट्रेट देतात, साधारण दर किलोला दिवसाला १ ते २ मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक, mEq), तीन भागांत. नेमका डोस डॉक्टर पीएच बघून ठरवतात. बाटल्यांची ताकद वेगवेगळी असते, म्हणून चमचे लिहून घेऊ नका, मिलिइक्विव्हॅलंट लिहून घ्या. ५ मिलिलिटरमध्ये ११०० मिलिग्रॅम पोटॅशियम सायट्रेट आणि ३३४ मिलिग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड असेल तर ते १० मिलिइक्विव्हॅलंट. जेवणानंतर, अर्धा पेला पाण्यात मिसळून द्या. तसंच दिलं तर पोटात आग होते. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटू नयेत.

‘उन्हाळी लागली’ म्हटलं की दुकानदार जे सिरप काढून देतो, ते बहुधा डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट असतं. पीएच त्यानंही वाढतो, पण त्यात सोडियम आहे, आणि सोडियम लघवीतलं सिस्टीन वाढवतं. एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढून घेतलं. खायचा सोडा आणि फसफसणारी अ‍ॅसिडिटीची पावडर यांचंही तसंच. बाटलीवर ‘पोटॅशियम’ वाचल्याशिवाय घेऊ नका. मात्र मूत्रपिंडाचं काम कमी झालेलं असेल तर पोटॅशियम रक्तात साठून हृदयाला धोका होतो. अशा मुलाला हे औषध आणि नारळपाणी दोन्ही रक्ताचा अहवाल बघूनच.

पीएचसाठी लाल-निळा लिटमस उपयोगाचा नाही, अर्ध्या अंकाचा फरक दाखवणारी पट्टी घ्या. सकाळी आणि झोपताना मोजा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. सकाळी ६.५ आणि दुपारी ७.५ येत असेल तर रात्रीचा डोस कमी पडतोय. सतत ८ च्या आसपास राहिला तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे व्हायला लागतात, म्हणून जास्त म्हणजे चांगलं असं नाही.

मीठ, दूध, डाळ

मोठ्या माणसाला दिवसाला एकूण ५ ग्रॅम मीठ, मुलाला त्याहून कमी. घरातला ताळा सोपा आहे: चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅमहून जास्त मीठ लागत असेल तर मर्यादा मोडली, आणि बाहेरचं खाणं त्यात अजून धरलेलंच नाही. पापड (मीठ आणि पापडखार दोन्ही), लोणचं, फरसाण, वेफर्स, नूडल्सच्या पुडीतला मसाला हे आधी बंद करा. भातात, भाकरीच्या पिठात आणि ताकात मीठ घालायची सवय सोडली तर भाजीत थोडं राहू देता येतं. संपूर्ण घरानं एकच जेवण जेवावं. मुलाचं ताट वेगळं केलं की ते शेजारी जाऊन खातं.

वाढत्या मुलाचं दूध, डाळ, अंडं तोडू नये. अतिरेक टाळावा, एवढंच. तरुण मुलांनी व्यायामशाळेतली प्रोटीन पावडर घेऊ नये: तिच्यातल्या मेथिओनिनपासून शरीर सिस्टीन बनवतं.

एवढं करूनही खडे होत राहिले तर टायोप्रोनिन किंवा डी-पेनिसिलामिन देतात. सिस्टीन म्हणजे सिस्टेइनचे दोन रेणू एकमेकांना जोडलेले. ही औषधं ती जोडणी तोडून एका रेणूला स्वतः चिकटतात, आणि नवा पदार्थ कितीतरी पटींनी जास्त विरघळतो. पाणी कमी केलं तर त्यांचाही उपयोग संपतो. पुरळ, ताप, तोंडाची चव जाणं, रक्तपेशी कमी होणं, लघवीतून प्रथिन जाणं हे दुष्परिणाम होऊ शकतात. सकाळी डोळ्यांखाली सूज किंवा लघवीला न विरणारा फेस दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ठरलेल्या रक्त-लघवीच्या तपासण्या चुकवू नका. पेनिसिलामिनबरोबर बी-६ जीवनसत्त्व लागतं.

सिस्टीनचा खडा बाहेरून ध्वनिलहरींनी फोडायला चिवट असतो. बऱ्याचदा दुर्बिणीतून लेझरनं काढावा लागतो. देखरेख सोनोग्राफीनंच, दर सहा महिन्यांनी तरी. सीटी स्कॅन ऑपरेशन ठरवायचं असेल तेव्हाच, कारण या मुलांना आयुष्यभर तपासण्या करायच्या आहेत आणि किरणोत्सर्गाची बेरीज होत जाते.

ऑक्झलेट यकृतातून येत असेल तेव्हा

प्रायमरी हायपरऑक्झल्युरियाच्या पहिल्या प्रकारात एजीएक्सटी जनुकाच्या दोषामुळे यकृतच ऑक्झलेट तयार करतं. हा आजार सिस्टिन्युरियापेक्षा धोक्याचा आहे. पालक, राजगिरा, बीट, चुका बंद केल्यानं तो आटोक्यात येत नाही, कारण मूळ स्वयंपाकघरात नाही. या भाज्या जरूर टाळा, पण दूध बंद करू नका: जेवणातलं कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला धरून ठेवतं. ‘खडा कॅल्शियमचा, म्हणून कॅल्शियम बंद’ हा सल्ला इथे उलटा पडतो आणि हाडंही कमजोर करतो.

काही रुग्णांना बी-६ लागू पडतं. दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅम असं देऊन तीन महिन्यांनी ऑक्झलेट मोजतात. ३० टक्क्यांहून जास्त उतरलं तर औषध चालू ठेवतात. स्वतःच्या मनानं मोठे डोस देऊ नयेत, नसांना इजा होते. पाणी दर चौरस मीटरला २ ते ३ लिटर. तान्ह्या बाळांना त्यासाठी रात्री नळीवाटे द्यावं लागतं. उलट्या-जुलाब झाले तर घरी वाट बघत बसू नका, लवकर सलाइन लावून घ्या: एका दिवसाच्या कोरडेपणानंही मूत्रपिंडाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. २०२० साली युरोप आणि अमेरिकेत ल्युमासिरान हे यकृतातलं उत्पादन कमी करणारं इंजेक्शन मंजूर झालं; ते फार महाग आहे. खडे असलेल्या मुलाचं मूत्रपिंड निकामी झालं असेल तर प्रत्यारोपणाआधी हा आजार नाही याची खात्री करा. निदान न करता नुसतं मूत्रपिंड बसवलं तर त्याच ऑक्झलेटनं नवंही भरतं.

आणखी दोन, थोडक्यात

खुरटलेली उंची, वाकलेले पाय, स्नायूंची कमजोरी, रक्तात पोटॅशियम कमी, रक्त आम्लधर्मी असूनही लघवीचा पीएच ५.५ च्या वर: हे आम्ल नीट बाहेर न टाकणाऱ्या मूत्रपिंडाच्या आजाराचं, म्हणजे दूरस्थ रीनल ट्युब्युलर अ‍ॅसिडोसिसचं चित्र. सायट्रेट किंवा बायकार्बोनेट नियमित दिलं की मूल वाढायला लागतं. त्यातल्या काहींना ऐकू कमी येतं, म्हणून श्रवणचाचणी करून घ्या.

दुसरं, ‘व्हिटॅमिन डी’च्या ६०,००० युनिटच्या पुड्या. सीवायपी२४ए१ जनुकात दोष असलेल्या मुलांना हे जीवनसत्त्व मोडता येत नाही. रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडात साठतं. खडे असलेल्या मुलाला ती पुडी देण्याआधी रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड संप्रेरक तपासा.

कुळथाचं कढण बिनमिठाचं प्यायलं तर पाण्यात मोजा, हरकत नाही. पानफुटीचा रस किंवा घटक न लिहिलेली भस्मं जनुकातला दोष दुरुस्त करत नाहीत, आणि भस्मातला धातू आधीच दुखावलेल्या मूत्रपिंडाला सोसत नाही.

रात्रीच निघायचं केव्हा

खडा आणि ताप एकत्र असेल तर अडलेल्या मूत्रपिंडात जंतू आहेत असं धरून चाला. काही तासांत विष रक्तात पसरतं. लघवी पूर्ण बंद झाली, उलट्यांमुळे पाणी टिकत नाही, किंवा मुलाला एकच मूत्रपिंड आहे आणि दुखतंय, तरीही थांबू नका. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल दर किलोला १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतरानं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

भावंडं, लग्न, वसतिगृह

यातले बहुतेक आजार आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावर होतात, म्हणून प्रत्येक भावंडाला २५ टक्के शक्यता असते. दुखत नसलं तरी सगळ्यांची सोनोग्राफी आणि लघवी तपासा. सिस्टिन्युरियात सकाळची ताजी लघवी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर षट्कोनी स्फटिक दिसू शकतात. तालुक्याच्या प्रयोगशाळेतही हे होतं, फक्त ‘षट्कोनी स्फटिक शोधा’ असं चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं. ते दिसले नाहीत म्हणून आजार नाही असं मात्र होत नाही. सिस्टीन मोजूनच ठरतं. मामेबहीण-आतेभाऊ लग्नाची रीत असलेल्या घरात पुढचं लग्न ठरवण्याआधी जनुकीय सल्ला घ्या. मुंबईत केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांसाठीच्या केंद्र सरकारच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.

मूल अठरा वर्षांचं झालं की ते मुलांच्या डॉक्टरांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जातं, पुण्या-मुंबईला खोली करून राहतं, आणि औषध तिथेच सुटतं. बाराव्या-तेराव्या वर्षापासून पट्टी स्वतः बघणं, कॅलेंडरवर स्वतः लिहिणं त्याच्याकडे सोपवा. एका फाइलमध्ये पाच कागद हवेत: खड्याचा विश्लेषण अहवाल, जनुकीय अहवाल, शेवटची २४ तासांची लघवी, औषधांचे डोस, आणि कोणती औषधं चालत नाहीत त्यांची यादी. त्याचे फोटो त्याच्या आणि तुमच्या, दोघांच्या फोनमध्ये. मुलगी टायोप्रोनिन किंवा पेनिसिलामिनवर असेल तर गरोदरपणाचा विचार सुरू होतानाच डॉक्टरांना सांगायचं, दिवस गेल्यावर नाही. हे तिला लग्नाच्या वेळी नव्हे, सतरा-अठराव्या वर्षीच नीट सांगून ठेवा.